जपानमधला व्यावसायिक गो: सनद, गादी आणि वर्तमानपत्रं

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

दिव्या देशमुखच्या विश्वचषकावरच्या धाग्यात हत्तीघोडा यांनी विचारलं होतं, "जपानमध्ये म्हणे गो खेळून पोट भरतं, ते कसं काय?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९ आडव्या, १९ उभ्या रेघा. रेघा जिथे छेदतात तिथे आळीपाळीने काळे-पांढरे खडे ठेवायचे. ठेवलेला खडा हलत नाही, चहूबाजूंनी कोंडला तर उचलला जातो. जास्त जागा घेरेल तो जिंकला. नियम दहा मिनिटांत कळतात, पुढची दहा वर्षं काहीच कळत नाही. मी सध्या चौथ्या वर्षात आहे. ऑफिसातल्या एका निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याने नाद लावला आणि तोच मला पहिल्यांदा तोक्योतल्या इचिगायाला, निहोन कीइन या गोच्या संस्थेच्या इमारतीत घेऊन गेला.

माझ्या डोक्यात बुद्धिबळ होतं. म्हणजे फिडेसारखी संस्था, रेटिंग, स्पर्धा आणि जो जिंकेल त्याला पैसे. तिथे दोन-तीनदा गेल्यावर लक्षात आलं की हे प्रकरण निराळं आहे. ग्रँडमास्टर हा किताब आहे. तो मिळाला म्हणून तुम्हाला कोणी खेळायला बोलावलंच पाहिजे असं नाही. जपानी गोमधलं व्यावसायिकपण मात्र वकिलाच्या सनदेसारखं आहे. परीक्षा देऊन एकदा आत गेलात की तुम्ही त्या संस्थेचे 'किशी', म्हणजे व्यावसायिक खेळाडू. वर्षभराच्या सगळ्या पदांच्या, म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या, पात्रता फेऱ्यांत तुमचं नाव आपोआप येतं आणि प्रत्येक सामन्याचं मानधन मिळतं, हरलात तरी. उलट सनद नसलेला माणूस कितीही चांगला खेळो, मोजक्या खुल्या स्पर्धा सोडल्या तर त्याला दार बंद.

याचं मूळ एदो काळात आहे. तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, गोच्या चार घराण्यांना तनखा बांधून दिला होता: होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी. होनिन्बो हे खरं तर क्योतोतल्या एका देवळाच्या आवारातल्या मठाचं नाव. तिथला भिक्षू सान्सा हा पहिला होनिन्बो. गादी वारस नेमून चालायची आणि वारस पोटचाच हवा असं नव्हतं. शिष्यांत जो सरस, त्याला दत्तक घ्यायचं. दरवर्षी किल्ल्यात शोगुनपुढे डाव व्हायचे. १८६८ ला शोगुनशाही बुडाली, तनखे गेले आणि ही मंडळी अक्षरशः रस्त्यावर आली. मग पन्नासाहून जास्त वर्षं फाटाफूट, गटबाजी, भांडणं. १९२३ च्या भूकंपात तोक्योबरोबर गोवाल्यांचीही वाताहत झाली, तेव्हा कुठे ती एकत्र आली. बॅरन ओकुरा किशिचिरो या धनिकाने पैसा घातला आणि १९२४ मध्ये निहोन कीइन उभी राहिली.

खरी गंमत पुढे आहे. एकविसावा होनिन्बो शुसाई हा गादीचा शेवटचा धनी. त्याने वारस नेमलाच नाही, नाव संस्थेच्या हवाली केलं. १९३९ मध्ये माइनिचि या वर्तमानपत्राने त्या नावाची स्पर्धा सुरू केली. तीनशे वर्षांची गादी खुल्या स्पर्धेत जिंकायची वस्तू झाली, आणि शोगुनच्या जागी संपादक बसला.

आज सात मोठी पदं आहेत आणि जवळजवळ प्रत्येकामागे एखादं वर्तमानपत्र किंवा वर्तमानपत्रांचा गट आहे. किसेई योमिउरीचं, मेइजिन आसाहीचं, होनिन्बो माइनिचिचं, ओझा निक्केईचं, जुदान सान्केईचं. उरलेली दोन, तेन्गेन आणि गोसेई, प्रादेशिक वर्तमानपत्रांची. (ओझा म्हणजे 'सिंहासन'. आपल्याकडच्या ओझांनी उगाच हुरळून जाऊ नये.) वर्तमानपत्र पैसे देतं आणि त्या बदल्यात डावांचं वृत्तांकन छापायचा हक्क घेतं. एकच डाव रोज थोडा थोडा, आठ-दहा दिवस चालतो. खेळाडू कुठल्या खोलीत बसला, बाहेर पाऊस होता का, ४७ व्या खेळीला किती वेळ लावला, सगळं. आपल्याकडे नाटकाचं परीक्षण आणि क्रिकेटचं वर्णन यांची मोट बांधली तर जे होईल, ते.

एक दृश्य सांगतो आणि थांबतो. किसेई आणि मेइजिनचे अंतिम सामने अजूनही दोन-दोन दिवस चालतात, प्रत्येकाला आठ तास. जुन्या सराया, देवळं, गरम पाण्याच्या झऱ्यांवरची हॉटेलं अशा ठिकाणी. पहिल्या दिवशी संध्याकाळी डाव थांबवताना ज्याची पाळी असेल त्याने पुढची खेळी पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, लिफाफ्यात घालायची, लिफाफा सही करून बंद करायचा. तो रात्रभर तिजोरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच कात्रीने लिफाफा कापतात, कागद वर धरतात, आणि मग तो खडा पटावर बसतो. मी हे पडद्यावर पाहिलंय. खाली सभागृहात मोठा चुंबकी पट लावून एक जण समजावून सांगत होता. लिफाफ्यातली खेळी ओळखायची चिठ्ठी सगळ्यांनी टाकली होती. मी चुकलो. शेजारच्या आजोबांचीही चुकली, पण त्यांनी "माझीच खेळी जास्त चांगली होती" असं सुनावलं.

बुद्धिबळात ही बंद लिफाफ्याची पद्धत होती, संगणक आल्यावर बंद पडली. इथे अजून आहे.

हत्तीघोडा

वा, प्रश्न मी विचारला आणि उत्तराला अख्खा धागा. धन्यवाद.

सनदेची उपमा पटली. आमच्या बुद्धिबळात उलटं आहे. दिव्याचंच घ्या: विश्वचषक जिंकेपर्यंत ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी स्पर्धेतली कामगिरी) नव्हता, बातुमीत जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. म्हणजे निकाल आधी, शिक्का नंतर. पण शिक्का मिळाला म्हणून उद्या कोणी मानधन देणार नाही. भारतात कित्येक वर्षं बुद्धिबळपटूंचं घर चाललं ते तेल कंपन्यांच्या, रेल्वेच्या, एअर इंडियाच्या नोकऱ्यांवर. खेळणाऱ्याला खेळाने नाही, खेळाडू-कोट्याने पोसलं.

आता खरा प्रश्न. किशी झाल्यावर माणूस हरतच राहिला तर? सनद काढून घेतात?

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

नाही. इथेच सगळी मेख आहे.

पहिला दान ते नववा दान अशा पायऱ्या आहेत. वर जाता येतं, खाली येत नाही. पूर्वी 'ओतेआई' नावाची फक्त बढतीसाठीची स्पर्धा असायची. तिला ना प्रायोजक ना प्रेक्षक, ती २००३ मध्ये बंद केली. आता बढतीच्या काही वाटा आहेत. वर्षभराच्या कमाईत वरचा क्रमांक. मोठी मजल: मेइजिनच्या लीगमध्ये पोचलात की सातवा दान, आणि तीन सर्वांत मोठ्या पदांपैकी एक जिंकलंत की थेट नववा. शिबानो तोरामारू २०१९ मध्ये १९ व्या वर्षी मेइजिन झाला तो असाच नवव्यावर पोचला. आणि तिसरी वाट म्हणजे एकूण विजय मोजत बसायचं: पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला ३०, आठव्यावरून नवव्यावर जायला २००. घाई नसेल तर माणूस निवांत चढत राहतो.

सुगिउची मासाओ नावाचे एक नववे दान होते. २०१७ मध्ये ९७ व्या वर्षी वारले, तेव्हाही ते निवृत्त नव्हते. यादीतले चालू खेळाडू होते. पणतवंडांच्या वयाच्या पोरांशी पात्रता फेऱ्या खेळत.

पेठेतला_पिवळा

म्हणजे सरळ सरकारी नोकरी की हो! एकदा चिकटलात की चिकटलात. वेतन आयोग तेवढा राहिला.

बाकी 'दान' हा शब्द आवडला. आमच्या सोंगट्यांत दान नशिबाने पडतं, इथे वयाने पडतं.

ओसाकाची_अनघा

मुपोतो (मुक्काम पोस्ट तोक्यो), लेख छान, पण तोक्योवाल्यांची नेहमीची खोड: निहोन कीइन म्हणजे सगळा जपान नव्हे. आमच्या ओसाकात कान्साई कीइन ही वेगळी संस्था आहे. १९५० मध्ये फुटून निघाली आणि तिचा पुढारी होता हाशिमोतो उतारो, म्हणजे त्या वेळचा खुद्द होनिन्बो! शंकराचार्यांनीच नवा मठ काढावा तसं. पुढच्या वर्षी तोक्योने साकाता एइओला त्याच्यावर सोडलं. हाशिमोतो १-३ असा मागे होता, तिथून ४-३ ने जिंकला. ती गादी तेव्हा तोक्योला परत गेली असती तर कान्साई कीइन टिकली असती का, शंका आहे. सात पदं मात्र दोन्ही संस्थांना मिळून आहेत, तिथे भिंत नाही.

हाच हाशिमोतो १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमाच्या बाहेर होनिन्बोचा सामना खेळत होता. ६ तारखेला सकाळी बॉम्ब पडला, खिडक्या फुटल्या, खडे विखुरले. साफसूफ करून त्याच दिवशी डाव पुरा केला. हे ऐकून कोणाला धीरोदात्त वाटतं. मला अंगावर काटा येतो आणि थोडा रागही.

आता नोकरीबद्दल. माझ्या नवऱ्याला शोगीचा नाद आहे त्यामुळे दोन्ही घरात चालतं. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, आणि तिथली व्यवस्था याहून कितीतरी कडक. 'शोरेइकाई' नावाची शिकाऊंची शाळा असते. शेवटची पायरी तिसऱ्या दानाची लीग, वर्षातून दोनदा. प्रत्येक वेळी वरचे दोघे चौथ्या दानावर जातात आणि तिथून पुढे व्यावसायिक. म्हणजे अख्ख्या देशातून वर्षाला चार. वयाच्या २६ पर्यंत जमलं नाही तर, अगदी मोजके अपवाद सोडता, बाहेर. बारा-पंधरा वर्षं दुसरं काहीही न केलेली पोरं एका दिवसात रिकामी होतात. गोमध्ये दरवर्षी वेगवेगळ्या वाटांनी याहून जास्त जण आत येतात. म्हणून किशींची संख्या पाहा: शोगीत १७० च्या आसपास, गोमध्ये दोन्ही संस्था मिळून चारशेच्या वर. लोकप्रियता मात्र बरोबर उलटी.

आत गेल्यावरही शोगीत सुख नाही. पाच वर्गांची उतरंड आहे, दरवर्षी वर-खाली होते. सगळ्यात खालच्या वर्गातून घसरलात की मोकळा वर्ग, आणि तिथून ठरावीक मुदतीत वर आला नाहीत की सक्तीची निवृत्ती. कातो हिफुमी, शोगीतले माजी मेइजिन (पदाचं नाव तिथेही तेच), २०१७ मध्ये ७७ व्या वर्षी सगळ्यात खालच्या वर्गातून घसरल्यावर निवृत्त झाले. त्यांची इच्छा नव्हती. नियमाने घालवलं. त्याच साली सुगिउची आजोबा ९७ व्या वर्षी गो खेळत होते. दोन्ही खेळांच्या संस्था एकाच देशात, तोक्योत एकमेकांपासून तीन स्टेशनं लांब.

सुमो तर आणखी निर्दय आहे. दुसऱ्या वर्गात, म्हणजे जुर्योत, पोचेपर्यंत पगारच नाही, आणि पोचून घसरलात की पगार बंद. फक्त योकोझुनाला, म्हणजे सर्वोच्च पदाच्या मल्लाला, खाली आणत नाहीत. पण त्याने हरायला लागल्यावर स्वतःहून निघून जायचं असतं. न बोलता.

तालीमवाला

मी कोल्हापूरचा, गोचा ग सुद्धा कळत नाही, पण हे वाचताना सारखी तालीम आठवत होती. उस्तादाकडे राहायचं, पहाटे उठायचं, झाडलोट, मेहनत, थोरल्याने धाकट्याला जोर करायला लावायचं. आणि वर आश्रय. शाहू महाराजांनी पैलवान पोसले, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं. संस्थान गेल्यावर आमच्याकडे वर्तमानपत्रं आली नाहीत, साखर कारखाने आले, आणि मग निवडणुकीपुरते नेते.

तुमच्या गोमध्ये अशी तालमीची पद्धत आहे का? की सगळं परीक्षेवर?

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

@अनघा, कान्साईचा उल्लेख राहिला, माफी. ओसाकाला आलो की ओकोनोमियाकी माझ्याकडून.

@तालीमवाला, होती, आणि अगदी तुमच्यासारखीच होती. शिष्य गुरूच्या घरी राहायचा, त्याला 'उचिदेशी' म्हणतात, घरातला शिष्य. सगळ्यात गाजलेलं घर किताणी मिनोरूचं. १९३८ मध्ये होनिन्बो शुसाईचा शेवटचा, निरोपाचा डाव खेळला आणि जिंकला तोच हा किताणी. त्याच्या घरातून ओताके, इशिदा, कातो मासाओ, ताकेमिया, कोबायाशी, चो चिकुन असे एकापेक्षा एक निघाले. १९७० नंतरची दोनेक दशकं मोठी पदं म्हणजे जणू किताणीच्या ओसरीवरच फिरत होती. चो चिकुन हा कोरियातून १९६२ मध्ये आलेला, तेव्हा सहा वर्षांचा. अकराव्या वर्षी किशी झाला. १९८६ च्या जानेवारीत मोटार अपघातात पाय मोडले, तर चाकाच्या खुर्चीत बसून किसेईचं पद राखायला उतरला. हरला, पण खेळला.

आता घरगुती शिष्यत्व जवळपास संपलंय. कीइनची स्वतःची शिकाऊ मुलं असतात, 'इनसेई'. शनिवार-रविवारी येऊन आपसात खेळतात, महिन्याच्या महिन्याला वर्ग बदलतो. इमारतीत शनिवारी गेलात तर जिन्यात दप्तरं घेतलेली दहा-बारा वर्षांची मुलं दिसतात, चेहरे मात्र चाळिशीचे.

निम्मा_नाशिककर

वातावरणनिर्मिती छान आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. लिफाफे, सराया, देवळं हे सगळं गोड आहे. निकाल काय? १९९० नंतर कोरिया आणि मग चीन यांनी जपानला पार मागे टाकलं. जपानकडून खेळणाऱ्या चो उ याने २००५ मध्ये एलजी चषक जिंकला, त्यानंतर १९ वर्षं जपानला एकही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकता आली नाही. इयामा युताने २०१६ च्या एप्रिलमध्ये सातही पदं एकाच वेळी मिळवली. केवढा सोहळा! त्याच्या महिनाभर आधी सोलमध्ये अल्फागो या संगणक प्रणालीने कोरियाच्या ली सेडोलला ४-१ ने हरवलं होतं. जग एकीकडे, घरातला सत्यनारायण एकीकडे.

चीनमध्ये शहरा-प्रांतांचे संघ लीग खेळतात, कोरियात कंपन्या आणि शहरांचे संघ. वेळ कमी, सामने जास्त, हरणारा मागे पडतो. जपानमध्ये ९७ वर्षांचे आजोबा पात्रता फेरी खेळतात याचं मला कौतुक वाटत नाही, त्या जागी एखादं पंधरा वर्षांचं पोर खेळलं असतं.

आणि ते पोर काय करतं? देश सोडतं. नाकामुरा सुमिरे. २०१९ मध्ये खास शिफारशीने दहाव्या वर्षी किशी केली, २०२३ मध्ये तेराव्या वर्षी महिला किसेई झाली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये कोरियाला गेली. पंधरा वर्षांच्या मुलीला जे कळलं ते संस्थेला कळत नाही?

ओसाकाची_अनघा

@नाशिककर, पोर मागे राहतं ते आजोबांमुळे नाही, आजोबा पहिल्याच फेरीत हरतात :) पण दुखणं बरोबर पकडलंत. देशातली पदं इतकी मानाची आणि इतकी पैशाची होती की बाहेर जाऊन जिंकायची कोणाला निकडच नव्हती. १९७० च्या दशकात मेइजिन हे पद योमिउरीकडून आसाहीकडे गेलं तेव्हा केवढा वाद झाला. योमिउरीने मग रागाने म्हणा, ईर्षेने म्हणा, किसेई हे त्याहून मोठ्या बक्षिसाचं पद काढलं. वर्तमानपत्रं भांडायची आणि किशींचं भलं व्हायचं.

पण २०२४ ला तुम्ही थांबलात कुठे? सप्टेंबरमध्ये इचिरिकी र्‍योने इंग चषक जिंकला, अंतिम सामन्यात चीनच्या शिए कला ३-० ने हरवून. चार वर्षांतून एकदा होणारी स्पर्धा, ४ लाख डॉलरचं बक्षीस. आणि हा इचिरिकी कोण? सेंदाईच्या काहोकु शिम्पो या वर्तमानपत्राच्या मालक घराण्यातला मुलगा. वासेदाची पदवी घेऊन २०२० पासून त्याच पत्रात पत्रकार. खेळ वर्तमानपत्रांनी पोसला असं म्हणतो ना, इथे वर्तमानपत्रच पटावर येऊन बसलं.

आणि एक गोष्ट गोच्या बाजूने. बाई परीक्षा पास झाली की ती पुरुषांइतकीच किशी, सगळी पदं तिला खुली. शिवाय स्त्रियांसाठी राखीव जागाही आहेत. शोगीत स्त्रियांची व्यावसायिक यादीच वेगळी ठेवली. मुख्य यादीत शिरायला निशियामा तोमोका २०२५ च्या जानेवारीत खास परीक्षेचे पाच डाव खेळली, २-३ ने हुकली. तोवर एकही बाई त्या दारातून आत गेली नव्हती.

जुना_उपसंपादक

वर्तमानपत्रात तीस वर्षं काढली म्हणून चार ओळी.

वर्तमानपत्र असल्या गोष्टींवर पैसे का घालवतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. वाचक पहिलं पान वाचून पेपर बदलत नाही. शब्दकोडं बंद केलं तर बदलतो. आम्ही एकदा जागेअभावी बुद्धिबळाचं कोडं चार दिवस गाळलं तर दूरध्वनी थांबेनात, आणि बोलणारे सगळे सत्तरीचे. जपानमध्ये पेपर घरपोच वर्गणीवर चालतो. आजोबा गोचा डाव वाचतात म्हणून घरात आसाही येतो, हा हिशेब होता. गोचा प्रायोजक जाहिरात करत नव्हता, गिऱ्हाईक बांधून ठेवत होता.

आता ते आजोबाच गेले. जपानमध्ये २००० साली रोज ५ कोटी ३७ लाख प्रती खपायच्या, २०२३ मध्ये २ कोटी ८६ लाख. जवळपास निम्मं. माइनिचिने होनिन्बोचं काय केलं ते मुपोतो यांनी लिहायला हवं होतं. २०२४ पासून बक्षीस २ कोटी ८० लाख येनवरून ८५ लाखांवर आणलं, सातऐवजी पाच डाव, दोन दिवसांऐवजी एक, लीग बंद. गोमधली देशातली सगळ्यात जुनी स्पर्धा, आणि तिच्यावर कात्री आधी चालली. लिफाफ्यावरची नव्हे.

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

@जुना_उपसंपादक, खरंय, ते मुद्दाम टाळलं होतं. मला होनिन्बोचा लिफाफा गेल्याचं वाईट वाटलं होतं. इयामाने २०१२ पासून सलग अकरा वेळा जिंकून जे पद मोठं केलं त्याची किंमत वर्षभरात तिसरा हिस्साही उरली नाही.

@नाशिककर, तुमच्याशी निम्मा सहमत (नावाला जागून). पण एक सांगा, शोगीत बाहेरचा प्रतिस्पर्धीच नाही, सगळं जपानातल्या जपानात. तरी शोगी तेजीत आहे. फुजिई सोता २०१६ मध्ये चौदाव्या वर्षी आला, पहिले २९ सामने हरलाच नाही, २०२३ मध्ये आठही पदं त्याच्याकडे. दुपारच्या सुट्टीत त्याने काय जेवण मागवलं ही बातमी होते आणि ते हॉटेल दुसऱ्या दिवशी भरलेलं असतं. मग चहाची कंपनी, मिठाईची कंपनी असे नवे प्रायोजक आले. म्हणजे जगज्जेता नसणं हे काही एकमेव कारण नव्हे. शोगीत राजा मेला हे न कळणाऱ्यालाही कळतं. गोमध्ये कोण जिंकतंय हे मला शेवटपर्यंत कळत नाही, मी चार वर्षं खेळतोय.

कटकटी_आई

माझी मुलगी अकरा वर्षांची, बुद्धिबळ खेळते. गेल्या वर्षी सहा स्पर्धा केल्या. प्रवेश फी, रेल्वे, हॉटेल, शिकवणी. एका ठिकाणी आयोजकांनी पालकांना बाहेर उन्हात चार तास उभं केलं, बसायला सतरंजीही नाही. बक्षीस म्हणून जो चषक मिळाला त्याची मूठ घरी येईपर्यंत निखळली होती. त्यामुळे 'हरलात तरी मानधन' हे वाचून मला रडूच आलं.

पण खालच्या दानाच्या माणसाचं खरंच भागतं का? वरच्यांचं सोडा.

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

वरच्यांचं आधी एका वाक्यात: बहराच्या वर्षांत इयामाने फक्त बक्षिसांतून दहा कोटी येनच्या वर मिळवले आहेत. किसेईचं एकट्याचं बक्षीस ४ कोटी येनच्या वर.

खालच्यांचं नुसत्या मानधनावर भागत नाही. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला वर्षाकाठी सामने ते किती मिळणार? त्यांचं घर चालतं शिकवण्यावर. आणि सनदेची खरी किंमत तिथे कळते. गोच्या बैठकांत, कंपन्यांच्या क्लबात, श्रीमंत हौशी लोकांच्या घरी शिकवायला किशी लागतो. तिसऱ्या दानाचा असो, 'सेन्सेई' म्हणतात. माझा सहकारी महिन्यातून एकदा एका पाचव्या दानाच्या बाईंकडे जातो. त्या एका वेळी चौघांशी खेळतात, चार पट मांडलेले, मध्ये फिरत्या खुर्चीवर त्या. डाव संपला की चौघांचेही डाव पहिल्या खड्यापासून पुन्हा मांडून दाखवतात, न लिहिता. "इथे तुम्ही घाबरलात," असं हळूच सांगतात. तो त्याचेच पैसे देतो.

दुसरं उत्पन्न संस्थेचं: हौशी लोकांची प्रमाणपत्रं. जाड जपानी कागदावर कुंच्याने लिहिलेलं, खाली पदधारकांच्या सह्या. पहिल्या दानाचं तीस हजार येनच्या घरात, पुढे चढत जातं. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्याला हे भेट देतात. एके काळी यावर संस्थेचं बरंच चालायचं. आता निवृत्त होणाऱ्यांनाच गो येत नाही.

हत्तीघोडा

चौघांशी खेळून चारही डाव तोंडपाठ! याला मानलं.

मी डिसेंबरमध्ये कामासाठी तोक्योला येतोय. इचिगायाला माझ्यासारख्या नवख्याला बसू देतात का? की तिथेही सनद लागते?

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

बिनधास्त या. हौशी लोकांसाठी तिथे बैठक आहे. प्रवेशाचे पैसे भरायचे, आपली पातळी सांगायची, ते तुमच्या जोडीचा माणूस शोधून देतात. पातळी खोटी सांगू नका, पाच मिनिटांत उघडं पडतं.

मी पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा ऐंशीच्या एका आजींसमोर बसवलं. त्यांनी मला नऊ खड्यांची सूट दिली, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच पटावर माझे नऊ काळे खडे. मला वाटलं, इतकं असल्यावर कोण हरतं? आजी दोन बोटांच्या चिमटीत पांढरा खडा धरायच्या आणि टक् करून ठेवायच्या. दर वेळी तोच आवाज. माझा खडा मात्र घसरायचा, शेजारच्या खड्यांना ढकलायचा. मग त्या काही न बोलता बोटाने ते सरळ करायच्या. तासाभरात माझ्या नऊपैकी सात खडे त्यांच्या डब्याच्या झाकणात जमले होते. मी हार मानली. त्यांनी पट साफ केला, माझ्याकडचे काळे खडे मोजून परत डब्यात घातले, आणि या वेळी माझ्या बाजूला नऊऐवजी तेरा मांडायला लागल्या.

पेठेतला_पिवळा

तेरा मिळूनही हरलात का ते सांगा.

मुक्काम_पोस्ट_तोक्यो

सांगतो, पण नव्या धाग्यात.